सांबाराचा पुरावा

सांबार हे नाव संभाजीमहाराजांवरून पडले, असे सांगणाऱ्या माणसाला ‘कशावरून?’ एवढेच विचारून पाहावे. तो पुरावा देत नाही, गोष्ट सांगतो. तंजावूरच्या शहाजीराजांकडे त्यांचे चुलतभाऊ संभाजीमहाराज पाहुणे आले. आमटीला लागणारी आमसुले संपली होती, म्हणून मुदपाकखान्यात कुणीतरी चिंच घालायला सुचवले. पदार्थ पाहुण्यांना आवडला आणि पाहुण्यांच्या नावावरून त्याला सांबार म्हणू लागले. काही जण त्यात थोडा बदल करतात. त्यांच्या गोष्टीत आचारी रजेवर असतो आणि महाराज स्वतःच पळी हातात घेतात. कुणी शहाजीराजांनाच पाककलेचे शौकीन ठरवून प्रयोग त्यांच्या नावावर टाकतो. आणखी एक जण ‘संभा-आहार’ अशी फोड करून दाखवतो. त्याच्या संधीप्रमाणे ‘संभाहार’ व्हायला हवे; मधला ‘ह’ कुठे गेला, हे तो सांगत नाही.

ही गोष्ट मी खाद्यसदरांत वाचली आहे, टीव्हीवरच्या पाककार्यक्रमांत ऐकली आहे, आणि बृहदीश्वराच्या आवारात महाराष्ट्रातून आलेल्या सहलीतल्या मंडळींना एकमेकांना सांगतानाही ऐकली आहे. सांगताना आवाज थोडा चढतो. मुद्दा जेवणाचा उरत नाही, मालकीचा होतो. म्हणूनच ती नीट तपासावी असे मला वाटते. तंजावूरच्या मराठी इतिहासाबद्दल आपण ज्या तऱ्हेने वाद घालतो, त्या सगळ्या तऱ्हा या एका वाटीत सापडतात.

पहिली तऱ्हा नावाच्या सारखेपणाची. सांबार आणि संभाजी हे शब्द कानाला जवळचे लागतात, म्हणून एकातून दुसरा निघाला असे मानायचे. मराठी माणसाने तरी या युक्तिवादाला भुलू नये, कारण ‘संभार’ हा शब्द त्याच्या स्वतःच्या घरात आहे. केशसंभार, पुष्पसंभार, साजसंभार हे शब्द आपण रोज वापरतो. गोळा केलेले साहित्य, सामग्री, असा त्याचा मूळ संस्कृत अर्थ. तोच शब्द स्वयंपाकघरात शिरला की मसाल्याचे साहित्य होतो. कर्नाटकात मसाल्याच्या पदार्थांना सांबार पदार्थ म्हणतात. केरळात संभारम् म्हणजे आले-मिरची-कढीपत्ता घातलेले ताक. गुजरातेत लोणच्यात मेथीचा संभार असतो. आणि नागपूरकडे सांबार म्हणजे चक्क कोथिंबीर! थंडीत तिथे सांबारवड्या होतात. संभाजीमहाराजांच्या पाहुणचारातून तंजावूरची डाळ निघाली असेल, तर त्याच न्यायाने नागपूरची कोथिंबीर आणि केरळचे ताकही निघायला हवे.

जुन्या न्यायशास्त्रात या दोषाला नाव आहे: सव्यभिचार. जो हेतू आपल्या साध्याशी एकनिष्ठ राहत नाही, साध्य जिथे नाही तिथेही जाऊन बसतो, तो हेतू सव्यभिचार. धूर दिसला म्हणजे अग्नी असतो, म्हणून धूर हा चांगला हेतू. नावाचा सारखेपणा मात्र जिथे संभाजीमहाराज पाहुणे गेलेले नाहीत अशा चार ठिकाणीही आढळतो. त्यातच तमिळ लिपीत ‘ब’ आणि ‘भ’ यांना वेगळी अक्षरे नाहीत. संभाजी असो की संभार, तमिळमध्ये दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जाणार. तेव्हा सांबारातल्या ‘ब’कडे बोट दाखवून काही ठरवता येत नाही, ना इकडून ना तिकडून.

दुसरी तऱ्हा तपशिलाची. आमसुले संपली होती, हा तपशील इतका घरगुती आहे की ऐकणाऱ्याला वाटते, एवढे बारीक कुणी मुद्दाम कशाला रचेल? कथा पटवण्याचा हा फार जुना उपाय आहे. कीर्तनकाराला तो माहीत असतो आणि वकिलालाही. तपशिलामुळे गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहते, पण डोळ्यांपुढे उभी राहिली म्हणून ती घडली असे होत नाही. शिवाय हा तपशीलच संशयास्पद आहे. आमसुले कोकणातली. भोसल्यांचे कुळ देशावरचे, वेरूळकडचे, आणि व्यंकोजीराजे वाढले कर्नाटकात. देशावर चिंचगुळाची आमटी घराघरांत होते. आमसूल नाही म्हणून चिंच घालण्याचे धाडस करावे लागले, ही कल्पना आजच्या मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरात बसून सुचलेली वाटते. दुसरीकडे, तमिळ घरातले चिंचेचे कुळंबू पाहुण्यांची वाट बघत थांबले होते, असेही मानावे लागते.

तिसरी गोष्ट काळाची, आणि तिच्याबद्दल सांगणारे बोलतच नाहीत. ही भेट कोणत्या साली झाली? शहाजीराजे गादीवर आले १६८४ मध्ये. संभाजीमहाराज संगमेश्वराला पकडले गेले फेब्रुवारी १६८९ मध्ये. म्हणजे सगळा प्रसंग या पाच वर्षांत बसवायला हवा, आणि ही पाच वर्षे म्हणजे औरंगजेब दख्खनेत येऊन बसलेला, १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडलेले. अशा धामधुमीत राजाने तंजावूरला जाऊन पंगत झोडणे अशक्य होते, असे मी म्हणत नाही. पण जो म्हणतो की झाले, त्याने साल सांगावे, बखर सांगावी, पत्र सांगावे. ते होत नाही. उलट सांबाराचे नावच भेटीचा पुरावा म्हणून पुढे केले जाते, आणि भेट नावाचा पुरावा म्हणून. न्यायशास्त्रात याला साध्यसम म्हणतात: जो हेतू साध्याइतकाच सिद्ध व्हायचा बाकी आहे, तो. उसने फेडायला त्याच सावकाराकडून पुन्हा उसने घेण्यासारखा हा प्रकार.

हे सगळे कुणासमोर मांडले तर संवाद साधारण असा होतो.

‘अहो, पण सगळे तमिळ लोकसुद्धा हेच सांगतात!’

‘सगळे म्हणजे कोण?’

‘आमचा गाइडच म्हणाला की.’

‘त्याने कुठे वाचले?’

‘तुम्हाला आपल्या महाराजांबद्दल काही चांगलं ऐकवत नाही का हो?’

या पाच वाक्यांत वाद कुठून कुठे गेला पाहा. आधी बहुमत साक्षीला आले. ते गाइडपर्यंत आकसले, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याच्या निष्ठेवर घसरले. यानंतर पुरावा मागायचा म्हणजे महाराजांचा अपमान करायचा, असे समीकरण होऊन बसते आणि चारचौघांत कुणाला तो वाईटपणा नको असतो. गोष्ट जिंकते ती अशी. तिला कुणी खरी ठरवलेली नसते. तिला नाही म्हणण्याची किंमत तेवढी वाढवून ठेवलेली असते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, म्हणजे खरे काय ते कळावे म्हणून दोघांनी मिळून केलेली चर्चा. जल्प, म्हणजे काहीही करून जिंकण्यासाठी. तिथे छल चालतो, शब्दांच्या कोलांट्या चालतात. आणि वितंडा, म्हणजे स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची मोडत राहणे. मराठीत आपण ‘वितंडवाद’ हा शब्द तिसऱ्यावरून घेतला आणि पहिल्याला भांडणाचा अर्थ दिला. ‘त्यांच्यात वाद झाला’ म्हणजे ते भांडले. भाषेने आपल्याबद्दल दिलेली ही साक्ष मला फारशी सुखाची वाटत नाही. छलाचे शास्त्रातले ठरलेले उदाहरण घोंगडीचे आहे. एक म्हणतो, हा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, छे, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! मुलांना हसवायला उदाहरण उत्तम. पण शब्दाचा अर्थ वादाच्या मध्येच बदलण्याची ही युक्ती मोठी माणसे फार गंभीर चेहऱ्याने करतात. तंजावूरबाबत ती ‘पहिले’ या शब्दावर चालते. शहाजीराजांच्या नावावर असलेले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे सतराव्या शतकाच्या अखेरचे. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी झाले. पहिले मराठी नाटक कोणते? लिहिले गेलेले पहिले विचारायचे असेल तर उत्तर एक, आणि आजच्या व्यावसायिक रंगभूमीची परंपरा जिथून अखंड चालत आली ते विचारायचे असेल तर उत्तर दुसरे. दोन वेगळे प्रश्न एका शब्दात कोंबून पिढ्यान्‌पिढ्या भांडता येते, आणि आपण भांडलो आहोत. ज्या राजाने ‘पंचभाषाविलास’ नावाच्या नाटकात पाच भाषा एकत्र नांदवल्या, त्याच्या नाटकांचा उपयोग आपण सांगलीला खाली ओढण्यासाठी करतो, याची मात्र मला गंमत वाटते.

आता कुणी म्हणेल, एका आमटीसाठी एवढा कीस कशाला? कुणाचे काय बिघडते? या प्रश्नाचे उत्तर तंजावूरच्याच इतिहासात आहे, आणि ते फार कडू आहे. हे राज्य लढाईत शेवटचे गेले नाही. ते युक्तिवादात गेले.

१७८७ साल. तुळजाजीराजांची मुले वारली होती. मरण्यापूर्वी त्यांनी भोसल्यांच्या भाऊबंदांतला दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हेच पुढचे सरफोजी. मुलाला त्यांनी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली दिले आणि त्याच वर्षी ते वारले. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तक खरे की खोटे, हे ठरवायचे होते, आणि ठरवणार होती ईस्ट इंडिया कंपनी. मद्रासचे गव्हर्नर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी पंडितांचे मत मागवले. तंजावूरच्या पंडितांनी सांगितले की दत्तक अशास्त्र आहे: मुलाचे वय जास्त, शिवाय तो आपल्या बापाचा एकुलता एक. एकुलता मुलगा देऊ नये, घेऊ नये, असे वचन धर्मशास्त्रात आहे. अमरसिंग गादीवर बसले.

काही वर्षांनी पुन्हा मते मागवली गेली, या वेळी बंगालच्या आणि काशीच्या पंडितांची. त्यांनी सांगितले की दत्तक सशास्त्र आहे. मुलगा तोच होता, त्याचा बाप तोच आणि धर्मग्रंथही तेच. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले.

इथे बाजू घेण्याची मला गरज नाही. दत्तकाच्या प्रश्नावर धर्मशास्त्रात खरोखरच मतभेद आहेत. ‘एकुलता देऊ नये’ या वचनाचा अर्थ ‘दिला तर पाप’ एवढाच की ‘दिला तर दत्तकच होत नाही’, यावर पुढे इंग्रजी कोर्टांतही शंभर वर्षे खल झाला. म्हणजे खरा वाद घालायला जागा होती. दोन्ही बाजूंच्या पंडितांना समोरासमोर बसवून विचारता आले असते: वचन निषेधाचे आहे की सल्ल्याचे? वय मोजायचे ते कशापासून? हा वाद कुणी होऊ दिला नाही. पहिल्या मताविरुद्ध काय सांगितले गेले? तंजावूरच्या पंडितांनी लाच खाल्ली, आणि अमरसिंगांचा कारभार वाईट आहे. दोन्ही आरोप खरे असू शकतील. पण लाच खाऊन दिलेले मतही शास्त्राला धरून असू शकते, आणि वाईट राज्य करणाऱ्याचा वारसाहक्क खरा असू शकतो. माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवले की त्याच्या कारणांना उत्तर देण्यातून सुटका होते. काशीचे पंडित मोठे म्हणून त्यांचे मत मोठे, हीही तशीच सुटका. शब्दप्रमाण मानायचे तर बोलणारा आप्त हवा, म्हणजे जाणणारा आणि निःस्वार्थ, असे आपल्याच शास्त्राने सांगून ठेवले आहे. आणि प्रश्न कुणी विचारला, कुणासाठी विचारला, हे विसरून शब्दप्रमाण वापरता येत नाही.

दीड वर्षाच्या आत उत्तराची किंमत कळली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सगळा राज्यकारभार कंपनीकडे गेला. सरफोजींना उरला किल्ला, राजवाडा, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. ज्याच्या हक्काचा निवाडा परक्याने केला, त्याला त्या परक्यापुढे हक्क म्हणून काय बोलता येणार होते? कंपनीला याचा फायदा झाला म्हणून दुसरा निवाडा खोटा ठरत नाही, हेही सांगून ठेवतो. फायदा कुणाचा, हा प्रश्न शोधाची दिशा दाखवतो, शोध संपवत नाही. पण मला खरे दुःख आहे ते दरबारातल्या शहाण्या माणसांचे. याच तंजावूरात १६९३ मध्ये शहाजीराजांनी तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले होते. तिथे न्याय, मीमांसा, व्याकरण शिकवले जात होते. हेत्वाभासांची यादी तोंडपाठ असलेल्या या मुलखात गादीचा प्रश्न आला तेव्हा हेत्वाभास कुणी दाखवले नाहीत. ज्याने त्याने आपापल्या बाजूचा पंडित उचलून धरला.

शेवटचा अंक त्याहून बोलका आहे. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारले. मुलगा नव्हता. कंपनीने गादी संपली असे जाहीर केले आणि राज्याबरोबर राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. कसा, ते पाहण्यासारखे आहे. ही मालमत्ता घेण्याचा कंपनीला कायदेशीर हक्क होता, असे न्यायाधीशांनी म्हटले नाही. उलट असा हक्क कागदपत्रांत शोधणे फार कठीण आहे, असेच त्यांनी लिहिले. पण हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, ते बरोबर असो की चूक, त्यावर कुठलेही न्यायालय बसू शकत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे १७८७ मध्ये वादाचे सोंग तरी झाले होते. १८५९ मध्ये, तुमचे खरे असले तरी आम्ही ऐकायला बांधलेले नाही, असे उत्तर मिळाले. जिंकणाऱ्याने वाद कसा संपवावा याचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही. आणि ‘महाराजांबद्दल चांगलं ऐकवत नाही का’ या वाक्याची जात हीच आहे. दोन्हीकडे कारणांना दार बंद होते.

या सगळ्याच्या मधोमध एक दगड आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास देवनागरीत मराठीतून कोरला आहे. साल १८०३, आणि तो कोरवून घेतला सरफोजींनी. जगातल्या सर्वांत लांब कोरीव लेखांत त्याची गणना करतात. सहलीतली मंडळी त्यावर हात फिरवतात आणि म्हणतात, ‘दगडावर कोरलंय, खोटं कसं असेल?’ माझे म्हणणे, लेख वाचा, आणि साल आधी वाचा. १७९८ ला वादग्रस्त दत्तकानंतर गादी मिळालेला, १७९९ ला कारभार गमावलेला एक तरुण राजा १८०३ ला आपल्या घराण्याची सगळी परंपरा देवळाच्या भिंतीवर कोरवतो आणि तिच्या टोकाला स्वतः उभा राहतो. हे राजाचे निवेदन आहे, आणि तो बाजूचा पक्षकार आहे. त्यामुळे लेखाची किंमत कमी होत नाही. माझ्या लेखी उलट वाढते. राज्य नसलेल्या राजाला आपला हक्क लोकांपुढे कसा मांडावासा वाटला, हे त्यातून कळते. पण त्यातली प्रत्येक गोष्ट घडली म्हणून उचलायची असेल, तर दुसरा कागद शोधावा लागेल. दगड टिकतो, एवढाच त्याचा गुण. सत्य-असत्य तो निवडत नाही.

सरफोजींच्या नेत्रोपचारांचेही तसेच. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी सरस्वती महालात आहेत, रंगीत चित्रांसह आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रोग्यागणिक असे टिपण ठेवणे हीच केवढी गोष्ट! पण ती सांगून आपले समाधान होत नाही. ‘मोतीबिंदूची जगातली पहिली शस्त्रक्रिया आमच्या राजाने केली’ असे आपल्याला म्हणायचे असते, आणि सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगवताना आपण हे विसरतो की दोन्ही वाक्ये एकाच तोंडात मावत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचे. तमिळ अभिमान्यांचे तर्क काही कमी वाकडे नाहीत. मराठे बाहेरून आले, म्हणून त्यांनी केलेले काही इथले नाही, असा एक सूर ऐकू येतो. मूळ कुठले यावरून गुण ठरवायचे, हा दोष सांबाराच्या गोष्टीचाच जुळा भाऊ. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊ सरफोजींच्या दरबारात होते आणि आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाची घडण त्यांच्याकडे जाते. तो नाच तमिळ आहे म्हणून दरबार खोटा होत नाही, आणि दरबार मराठी होता म्हणून नाच मराठी होत नाही. ‘तेही असेच करतात’ हे मात्र आपल्या बाजूने उत्तर म्हणून वापरता येणार नाही. शेजाऱ्याने हिशेबात खोट केली म्हणून आपली वही बरोबर होत नाही. आणि संभाजीची गोष्ट पडली म्हणजे मराठ्यांनी तमिळ जेवणाला काहीच दिले नाही, असेही सिद्ध होत नाही. शब्द संस्कृत, चिंच तमिळ घरातली, मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांनी आणलेली, आणि आजचे रूप तंजावूरच्या वाड्यात घडले असेलही. शब्दाचे कूळ आणि पदार्थाचे कूळ एकच असते असे नाही.

पण हे ठरवायचे कुठे? सहलीच्या बसमध्ये नव्हे. सरफोजींच्या नावाने ओळखला जाणारा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा पाकग्रंथ सरस्वती महालात आहे. त्याशिवाय मोडी लिपीतल्या दरबारी कागदांचे शेकडो गठ्ठे आहेत. कोठी, देवस्थाने, अन्नछत्रे यांचे जमाखर्च त्यांत आहेत. मोठा भाग सरफोजी आणि शेवटच्या शिवाजीराजांच्या काळचा. १६८० च्या दशकातल्या मेजवानीचा निकाल त्यातून लागेल अशी आशा कुणी धरू नये. पण वाड्यात डाळ किती येत होती, चिंच किती, आमसूल येत होते की नाही, ब्राह्मणांच्या पंगतीला काय आणि मुदपाकखान्यात काय, हे विचारायची जागा ती आहे.

हे कागद मराठीत आहेत. त्यांतल्या निवडक कागदांचे मोठे भाषांतर कुणी केले? तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने, तमिळमध्ये, खंडच्या खंड, १९८० च्या दशकात. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या, तमिळच्या अभ्यासासाठीच काढलेल्या विद्यापीठातल्या विद्वानांनी मोडी वाचली, शब्द लावले, टिपा दिल्या. आज तंजावूरच्या मराठी राजांच्या काळात मजुराला काय मिळत होते, छत्रात कोण जेवत होते, हे जाणून घ्यायचे असेल तर मराठी वाचकाला आधी तमिळ शिकावी लागते. ज्यांनी आपले कागद वाचले त्यांना आपण सांगतो की तुमचे सांबार आमच्या राजाचे.

आणि हे ऐकून घेणारी तिसरी मंडळीही तिथे आहेत, तिचा विचार सहलीतल्या कुणालाच सुचत नाही. तंजावूर, कुंभकोणम, चेन्नईत विखुरलेली दक्षिणी मराठी घरे. साडेतीनशे वर्षे ती तिथे राहत आली आहेत, घरात आपली मराठी आणि दारात तमिळ बोलत. आपली सहल दोन दिवसांत परत जाते. बाहेरून आलेल्यांनी आमचे पदार्थसुद्धा आपल्या नावावर लावले, हे शेजाऱ्याचे वाक्य ऐकायला मागे राहतात ती हीच घरे. त्यांना सांबार आवडते. ते कुणाचे, हे त्यांना कुणी विचारलेले नाही.